शेवटच्या कडव्यातली सही

आषाढात तुकोबांची पालखी बारामतीतून निघते आणि काटेवाडी, सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापुरात पोचते. आमच्या भागात लहानपणी ऐकलेलं पहिलं संगीत म्हणजे या रस्त्यावरच्या दिंड्या. अभंग कुठलाही असो, शेवटच्या चरणाशी आला की टाळकऱ्यांचा आवाज आपोआप चढतो, कारण तिथे ‘तुका म्हणे’ येतं. मला कितीतरी वर्षं वाटायचं की ही फक्त गाणं संपल्याची खूण आहे. ती सही आहे, दस्तऐवजाखाली करावी तशी, हे फार उशिरा ध्यानात आलं. आणि सही आली म्हणजे तीच सही करणारा दुसरा कुणी असू शकतो, हेही ओघानं आलंच.

तसे दुसरे होतेही. ‘नामा म्हणे’ अशी मुद्रा असलेले सगळे अभंग एकट्या संत नामदेवांचे नाहीत. पुढच्या काळात विष्णुदास नामा नावाचा मोठा आख्यानकवी झाला, त्याचीही मुद्रा नामा. गाथेची हस्तलिखितं करणाऱ्यांनी दोघांची रचना इतकी सरमिसळ करून ठेवली की ती वेगळी करण्यात संशोधकांच्या पिढ्या गेल्या. उलट खुद्द तुकोबांच्या घरातलं उदाहरण बघा. त्यांचे धाकटे भाऊ कान्होबा यांनीही अभंग केले. त्यांनी ‘तुका’ अशी सही केली असती तर कुणी अडवलं नसतं, किंबहुना अभंग जास्त चालले असते. त्यांनी सही केली ‘तुकयाबंधु’. मोठ्या भावाचं नाव घेतलं, पण आपलं नातं सांगून घेतलं. पुढच्या तीनशे वर्षांत मराठी रंगमंचावर एकाच नावाचे जे अनेक वाटेकरी झाले, त्यांना हाच तिढा पडला: दुसऱ्याचं गाजलेलं नाव घ्यायचं तर त्याला काय जोडून घ्यायचं?

या गोष्टीतला एक ठळक प्रसंग बारामतीचा आहे. कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांच्या आश्रयाला मोरेश्वर रामजी पराडकर नावाचे पुराणिक राहत होते. जन्म 1729चा, पन्हाळ्याचा. उभा महाराष्ट्र त्यांना मोरोपंत म्हणून ओळखतो. हजारो आर्या लिहिणारा हा माणूस सही करी ती ‘मयूर’ म्हणून. मोराला संस्कृतात मयूर, एवढा साधा हिशेब. पण मयूर नावाचा एक संस्कृत कवी त्यांच्या हजारएक वर्षं आधी होऊन गेला होता आणि पंतांसारख्या पंडिताला ते माहीत नसणं शक्य नाही. म्हणजे हे नाव उसनं होतं आणि स्वतःचंही. पंतांना त्यात अडचण दिसली नाही. त्या काळात कवीचं नाव ही मालमत्ता नव्हती. कवीला मान मिळे, आश्रयदात्याकडून वर्षासन मिळे, पण नावाचे पैसे होत नसत.

पैसे होत ते तमाशात. पंतांच्याच हयातीत सोलापूरच्या एका वैदिक घरातला मुलगा शेजारच्या धोंडी शाहिराच्या तमाशात जाऊन बसू लागला. थोरले भाऊ मुद्गल जोशी विद्वान आणि कडक. त्यांनी धाकट्याला घराबाहेर काढलं. हा धाकटा म्हणजे राम जोशी. पंढरपुरात राहून त्यानं संस्कृत शिकून घेतलं, कीर्तनात नाव काढलं, पण डफ आणि तुणतुणं सुटलं नाही. त्याच्या लावण्यांत मराठीबरोबर संस्कृत, कानडी, हिंदुस्थानी अशा भाषा एकमेकींत गुंफलेल्या सापडतात. आणि शेवटच्या कडव्यात सही असते ‘कविराय’.

राम जोशी बारामतीला आला आणि मोरोपंतांशी त्याचा स्नेह जमला. आख्यायिका अशी की पंतांनी त्याची लावणी ऐकली आणि एवढी प्रतिभा तमाशात का घालवतोस म्हणून त्याला कीर्तनाकडे वळवलं. आख्यायिकेला किती वजन द्यायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. वळवणारे आणि वळणारे दोघंही ब्राह्मण, गोष्ट सांगणारेही बहुधा तेच, त्यामुळे तमाशातून सुटका हा शेवट त्यांना गोड वाटला असणार. त्यामागची घटना मात्र खरी आहे. राम जोशी आपल्या कीर्तनांतून पंतांच्या आर्या गाऊ लागला आणि त्या पोथीतून निघून लोकांच्या तोंडी गेल्या. आर्या अवघड, तिला चालीवर घेऊन लोकांपुढे मांडणारा गळा हवा होता, तो या शाहिराचा मिळाला. कवी एक, गाणारा दुसरा. सही मयूराची, टाळ्या रामाला. 1794 साली पंत बारामतीतच वारले, त्यानंतरही त्यांच्या आर्या कीर्तनकारांच्या तोंडी राहिल्या.

‘कविराय’ हे नाव बारकाईनं पाहण्यासारखं आहे. त्यात राम नाही, जोशीही नाही. जोशी घालणं म्हणजे सोलापूरच्या घराला तमाशात ओढणं. तमाशात आलेल्या वरच्या जातीच्या माणसाला नवं नाव लागे ते यासाठी. नुसतं ‘राम’ म्हणावं तर त्या काळात राम नावाचे शाहीर का थोडे होते? सगनभाऊच्या जोडीनं ज्याचं नाव घेतलं जातं तो राम गोंधळी याच पिढीतला. एखाद्या जुन्या बाडात लावणीखाली फक्त ‘राम’ दिसला तर हा कुठला राम, असा प्रश्न आजही पडतो.

उत्तर पेशवाईत हे सगळं पुण्यात एकवटलं आणि तिथे नावाचं खरं राजकारण सुरू झालं. दुसऱ्या बाजीरावाला लावणीचा शौक. दरबारात बिदागी, शालू, कडी, आणि सरदारांच्या वाड्यांवर त्याचंच अनुकरण. एकेका फडाला पोट भरण्यापुरती नव्हे, चैन करण्यापुरती कमाई होऊ लागली. फड म्हणजे शाहीर, त्याचा मुख्य गळा, झीलकरी, डफवाला, तुणतुणेवाला आणि नाच्या पोऱ्या. एवढ्या लोकांचा चरितार्थ एका नावावर चालणार म्हटल्यावर ते नाव कुणाचं, हा प्रश्न पोटाचा झाला.

होनाजी बाळा हे त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव. कितीतरी लोकांना अजून हा एकच माणूस वाटतो, जसं नाव आणि त्यामागे वडिलांचं नाव. मुळात ही दोन माणसं. होनाजी शेलारखाने गवळी, लावण्या रचणारा. त्याच्या घरात आजोबांपासून कवन चालत आलेलं. बाळा कारंजकर शिंपी, गाणारा. होनाजीनं रचायचं, बाळानं गायचं, आणि शेवटच्या कडव्यात सही दोघांची मिळून: होनाजी बाळा. कवीनं आपल्या गाणाऱ्याला सहीत निम्मा वाटा दिला, असं जगाच्या इतर भाषांत किती ठिकाणी झालं असेल, मला शंका आहे. आजचा गीतकार-गायक-संगीतकार यांचा वाद डोळ्यांपुढे आणला म्हणजे या गवळ्या-शिंप्यांचा व्यवहार किती पुढारलेला होता ते कळतं.

प्रभाकराचं प्रकरण याहून नेमकं. प्रभाकर जनार्दन दातार, मूळ मुरूडकडचा ब्राह्मण, पुण्यात येऊन शाहीर झाला. तो स्वतः डफ घेऊन फडावर उभा राहणारा नव्हता. तो गंगू हैबतीच्या फडाला कवनं रचून देई. त्याच्या लावण्यांचा शेवट पाहिला तर त्यात आधी गंगू हैबती येतात, मग गाणारा महादेव येतो आणि मग प्रभाकर. आता चित्रपट संपल्यावर पडद्यावर नावं सरकत जातात ना, तसाच हा प्रकार. फड कुणाचा, गळा कुणाचा, शब्द कुणाचे. तिघांनाही जागा आणि त्यांचा क्रमही ठरलेला. कवीचं नाव सगळ्यांत शेवटी. छापखाना नाही, कायदा नाही, लेखी करार नाही, पण लावणीतच तो करार बांधून टाकला होता, आणि तो मोडायचा तर अख्खं कडवं मोडावं लागलं असतं.

कडवं मोडणारेही होते, हे सांगायला पाहिजे. एका फडाची गाजलेली लावणी दुसऱ्यानं उचलायची, शेवटच्या कडव्यातलं नाव काढून मात्रेत बसेल असं आपलं घालायचं, हा धंदा तमाशात जुना आहे. म्हणून कसलेला शाहीर आपलं नाव यमकात अडकवून ठेवी. नाव काढलं की यमक तुटलं पाहिजे आणि ऐकणाऱ्यांना ठेच लागली पाहिजे. नावाची मुद्रिका ही नुसती हौस नव्हती, ते कुलूप होतं. होनाजीचा फड आणि सगनभाऊचा फड यांच्यातलं वैर प्रसिद्धच आहे. तेव्हाचा न्यायनिवाडा श्रोत्यांपुढे होई. समोरासमोर फड उभे राहायचे, सवाल-जवाब व्हायचे, ज्याला उत्तर सुचलं नाही त्याचा डफ खाली.

नाव वाटून घेण्याची एक निराळी तऱ्हा संगमनेरची. तिथे मलिक फंदी नावाचा फकीर होता. अनंत घोलप नावाच्या ब्राह्मणाच्या पोराची त्याच्याशी गट्टी जमली आणि लोक अनंतालाही फंदी म्हणू लागले. आज अनंत फंदी पाठ्यपुस्तकांत आहे आणि मलिक फंदी त्याच्या चरित्रातल्या एका वाक्यात. फकिरानं कधी तक्रार केली असेल असं वाटत नाही. पण नाव दोघांत असलं की ज्याची रचना टिकते त्याच्याच खात्यावर ते शेवटी जमा होतं. हैबतीचंही तसंच. पुण्याच्या गंगू हैबतीतला हैबती वेगळा आणि साताऱ्याकडचा पुसेसावळीचा शाहीर हैबती वेगळा. दोघं साधारण एकाच काळातले. एकाच नावाचे दोन शाहीर तेव्हा सुखानं नांदू शकत, कारण पुण्यातला माणूस पुसेसावळीला सहसा जात नसे.

1818 साली पेशवाई गेली आणि पुण्यातला पैसा आटला. शाहीर बडोद्याला गेले, गावोगाव गेले, काही नुसतेच म्हातारे झाले. नंतर काही दशकांनी छापखाना आला आणि त्यानं मुद्रिकेचं कामच बदलून टाकलं. फडावर मुद्रिका ऐकणाऱ्यासाठी होती, पुस्तकात ती वर्गवारीसाठी झाली. हॅरी अर्बुथनॉट ॲक्वर्थ हा मुंबईतला इंग्रज अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी मिळून गोंधळी-शाहिरांकडून पोवाडे जमवले आणि 1891 साली ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा संग्रह काढला. शाळिग्रामांनी पुढे होनाजी बाळाच्या लावण्याही छापल्या. त्यांचा उपकार मोठा. पण छापलेल्या पानावर शाहिराचं एकच नाव मथळ्यात जातं, आणि ज्याचं नाव शेवटच्या कडव्यात तो कवी, असा सरळ हिशेब वाचक करतो. फडाचा मालक, गाणारा आणि रचणारा यांच्यातला फरक छापखान्यात पुसट झाला. बाळा कारंजकराचा गळा कागदावर कसा छापणार?

छापखान्यामागून ग्रामोफोन आला. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रण 1902 साली कलकत्त्यात सुरू झालं. सुरुवातीच्या तबकड्या जर्मनीत हानोव्हरला छापून येत. तिथल्या कामगारांना कुठलं गाणं कुणाचं हे कळावं कसं? म्हणून गाणं संपता संपता कलाकारानं आपलं नाव इंग्रजीत मोठ्यानं सांगायचं. गौहर जानची ती शेवटची आरोळी अजून ऐकता येते. ही नवी मुद्रिका. पण तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांत जेवढं बसेल तेवढंच गाणं. पाच-सहा कडव्यांची लावणी त्यात बसत नाही. कापायचं ते कुठलं? बहुतेकदा शेवटचं. रचणाऱ्याची जुनी सही गेली आणि तिच्या जागी गाणाऱ्याचं नाव आलं.

याच काळात रेठरे हरणाक्ष गावचा श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म 1866, घर-वतन सोडून तमाशात गेला आणि पठ्ठे बापूराव झाला. कुलकर्णी नाव घेऊन बोर्डावर जाणं म्हणजे जिवंतपणी श्राद्ध घालून घेणं. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा त्याच्या फडात आली आणि बापूराव-पवळा ही जोडी गाजली. बापूरावानं एकट्यानं जितकं रचलं तितकं मराठीत क्वचितच कुणी रचलं असेल. त्याचे शिष्य, शिष्यांचे शिष्य त्याच्या गणगौळणी गात राहिले आणि गाता गाता स्वतःची भर घालत राहिले, सही मात्र बापूरावाचीच. नाव चोरण्याच्या उलटा हा प्रकार, आपलं गाणं दुसऱ्याच्या नावावर करण्याचा. नामदेवाच्या गाथेत झालं ते इथे डोळ्यांदेखत झालं. ज्या माणसाच्या नावावर एवढे फड जगले तो 1945 साली हलाखीत गेला.

तमाशाच्या पलीकडच्या, तिकीट काढून बसायच्या रंगभूमीवर एका नावाचा वेगळाच इतिहास घडत होता. नारायण श्रीपाद राजहंस या दहा वर्षांच्या मुलाचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला बालगंधर्व म्हटलं. नाव असं मोफत आणि खुद्द टिळकांकडून मिळालेलं. 1905 साली हा मुलगा किर्लोस्कर नाटक मंडळीत आला. 1913 साली त्यानं गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्याबरोबर ती मंडळी सोडली. इथे नावाच्या हक्काचा व्यवहार बघण्यासारखा आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर 1885 सालीच वारले होते, पण किर्लोस्कर हे नाव कंपनीजवळ राहिलं, बाहेर पडणाऱ्यांजवळ आलं नाही. त्यांनी नवी मंडळी काढली ती गंधर्व नाटक मंडळी. भागीदार तीन, नाव एकाचं. त्यामुळे दोनच वर्षांत टेंबे वेगळे झाले तेव्हा त्यांना नव्या मंडळीला नवं नाव शोधावं लागलं, शिवराज. पुढे बोडसही बाहेर पडले. मंडळीवर कर्ज चढलं, उतरलं, पुन्हा चढलं, तरी गंधर्व नाव तिच्याकडेच राहिलं, कारण ते एका माणसाच्या अंगाला चिकटलेलं होतं.

मंडळीचं नाव असं बंदिस्त, पण गंधर्व ही पदवी मात्र मोकळी राहिली. भास्करबुवा बखले देवगंधर्व. कुंदगोळच्या रामभाऊंना अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांनी सवाई गंधर्व म्हटलं, आणि सवाई म्हणजे सव्वापट, हे बालगंधर्वांच्या भरभराटीच्या काळात म्हणायला धाडस लागतं. बालमोहन नाटक मंडळीतल्या सौदागर गोरे या पोराला अनंत हरी गद्रे यांनी छोटा गंधर्व केलं. बाल आणि छोटा यांत फरक काय ते मला अजून कळलेलं नाही, पण प्रेक्षकांना कधी गोंधळ झाला नाही. बेळगावकडचा शिवपुत्र कोमकळी लहानपणीच कुमार गंधर्व झाला. बाल, छोटा, कुमार: सगळे पुढे मोठे झाले, म्हातारे झाले, नावं लहानच राहिली. यांच्यात नावावरून कुणी कोर्टात गेलं नाही. गंधर्व या नावापुढे एक शब्द जोडला की वाटणी झाली. कान्होबांचीच युक्ती.

मैफिलीच्या संगीतात तर मुद्रा गुरूच्या मुद्रेला धरून चाले. जगन्नाथबुवा पुरोहित बंदिशींत ‘गुणिदास’ म्हणून सही करत, त्यांचे शिष्य चिं. रा. व्यास यांनी ‘गुणिजान’ घेतलं. निम्मं नाव गुरूचं, निम्मं आपलं. तिथे भांडणाला जागाच ठेवलेली नव्हती.

तमाशात भांडणाला जागा होती, कारण तिथे नाव घराण्याचं होतं आणि घराणी फुटतात. वर्षाचा व्यवहार कसा चाले ते पाहिलं की हे कळतं. दसऱ्याच्या सुमाराला फड बाहेर पडतो. गुढीपाडव्याच्या आसपास जुन्नर तालुक्यात नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात आणि चैत्र-वैशाखाच्या जत्रांच्या सुपाऱ्या तिथे ठरतात. बारामती-इंदापूरकडच्या गावांची जत्रा कमिटीची माणसं जीप करून जायची. राहुटीत सतरंजीवर बसायचं, चहा घ्यायचा, समोर फडमालकाची वही. गावाचं नाव, तारीख, रक्कम, विसार. या वहीत खरं विकलं जायचं ते नाव. कुठला वग लावणार हे कमिटी शेवटी विचारायची. पोस्टरवर नाव कुठलं असेल ते आधी.

म्हणून नाव बांधण्याचीही कला होती. मांग, महार, कोल्हाटी समाजातल्या या कलावंतांनी आडनावाऐवजी गाव लावलं: नारायणगावकर, सातारकर, इंदुरीकर, कवलापूरकर. ‘गाढवाचं लग्न’ अमर करणारे दादू इंदुरीकर म्हणजे गजानन सरोदे. सांगलीजवळच्या कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ ‘जहरी प्याला’ या वगात काळू आणि बाळू नावाचे हवालदार झाले, आणि पात्रांची नावं माणसांना अशी चिकटली की पुढे त्यांचा फडच काळू-बाळूंचा म्हणून ओळखला जाऊ लागला. गाव लावण्यात एक सोय होती, गाव सगळ्यांचं असतं. त्यात एक गैरसोयही होती, गाव सगळ्यांचं असतं. साताऱ्याकडची प्रत्येक गाणारी सातारकर. फडावर गाजलेल्या कांताबाई सातारकर वेगळ्या, तबकड्यांवर गाजलेल्या रोशन सातारकर वेगळ्या.

भाऊ-बापू मांग नारायणगावकर हा दोन भावांच्या नावाचा फड. त्यातल्या भाऊंची मुलगी विठाबाई, जन्म 1935, वडिलांचं नाव पुढे लावूनच विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर झाली. तिनं दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान घेतला. 2002 साली ती गेली. आज तिच्या नावानं राज्य सरकार तमाशातल्या कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. तिच्या मुलांची पिढी फडावर आली, आणि एकाच मुळातून निघालेले फड वेगवेगळ्या नावांनी उभे राहिले. लेक मंगला बनसोडे यांचा फड त्यांच्या स्वतःच्या नावानं चालला, नारायणगावकर शब्द न लावता, आणि गाजला.

फुटलेल्या फडांनी वापरलेला सगळ्यात हुशार शब्द म्हणजे ‘सह’. तुकाराम खेडकर सह पांडुरंग मुळे. रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर. पोस्टरवर हा ‘सह’ बारीक अक्षरांत असतो, त्याच्या दोन बाजूंची नावं जाड अक्षरांत. वकिलाला जो मुद्दा मांडायला दहा पानं लागतील तो या दोन अक्षरांत आहे: मालक कोण, मान कुणाचा, जुनं नाव कुठून आलं, आणि कोण अजून फडात आहे. प्रभाकराच्या लावणीतल्या गंगू हैबती-महादेव-प्रभाकर या क्रमाचा हा नवा अवतार म्हणायला हरकत नाही. लावणीच्या पोटातली सही निघाली ती पोस्टरवर आली, एवढंच.

कायदा या सगळ्यात फार उशिरा पोचला. कॉपीराइट कायदा 1957चा, तो गाण्याला संरक्षण देतो, नावाला देत नाही. 1994च्या दुरुस्तीनं गायका-वादकांना कलाकार म्हणून हक्क मिळाले, आणि आपल्या सादरीकरणावर आपलं नाव आलंच पाहिजे असा दावा करण्याची सोय 2012च्या दुरुस्तीत झाली. मुद्रिकेमागचा हक्क म्हणजे हाच. होनाजीच्या बाळाला तो दोनशे वर्षं आधी लावणीत मिळाला होता. राहता राहिलं फडाचं नाव. त्याची नोंद ट्रेडमार्क म्हणून व्हावी तर 1958च्या जुन्या कायद्यात फक्त मालाला जागा होती. साबणाचं, विडीचं, काडेपेटीचं नाव नोंदवता येई, तमाशाचं नाही, कारण तमाशा ही वस्तू नव्हे, सेवा. सेवांची नोंद शक्य झाली ती 1999चा कायदा 15 सप्टेंबर 2003 रोजी लागू झाल्यावर. म्हणजे भाऊ-बापूंची आणि विठाबाईंची सगळी कारकीर्द नोंदणीच्या सोयीशिवाय गेली. ‘आमच्या नावाआडून तुम्ही धंदा करता’ असा दावा तेव्हाही दाखल करता येत होता, पण त्यासाठी दिवाणी कोर्टाच्या खेपा घालायच्या तर जत्रेचा हंगाम कोण सांभाळणार?

नव्या कायद्याच्या 35व्या कलमात एक पोटगोष्ट आहे. आपलं खरं नाव किंवा आपल्या व्यवसायाच्या ठिकाणाचं नाव कुणी प्रामाणिकपणे वापरत असेल तर नोंदणीदाराला ते अडवता येत नाही. हे कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यांसमोर नारायणगाव आलं. तिथल्या भावा-बहिणींपैकी, चुलत-आतेभावांपैकी नारायणगावकर हे नाव कुणाचं खोटं? सगळ्यांचंच खरं. मग शेवटी पुन्हा तोच उपाय, नावापुढे काहीतरी जोडा.

आता पुष्कळ सुपाऱ्या फोनवरच ठरतात, पोस्टर व्हॉट्सअॅपवर येतं. त्यावर नावं आधीपेक्षा लांब झाली आहेत: आजीचं, आईचं, मग ‘सह’, मग मुलाचं, आणि वर कधी ‘ओरिजिनल’, कधी ‘एकमेव’. जुन्या लावण्या मोबाइलवर ऐकायला मिळतात त्या तबकडीच्या मापाच्याच, शेवटच्या कडव्याच्या अलीकडे संपणाऱ्या. नीरा नरसिंगपूरपासून भिगवणपर्यंत कुठल्याही गावच्या जत्रा कमिटीतला म्हातारा माणूस ते लांबलचक पोस्टर चष्मा वर करून एकदा बघतो, नावं वाचण्याच्या फंदात पडत नाही, आणि फोन लावणाऱ्या पोराला म्हणतो, “ते राहू दे रे. बोर्डावर उभं कोण राहणार, तेवढं विचार.”